शिकतो सगळं, होत काहीच नाही

"माझ्या फोनमध्ये चित्रकलेचे इतके व्हिडिओ साठवलेत की पुढच्या जन्मालाही पुरतील. कागदावर मात्र एक झाड धड उतरत नाही."

ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसं गेल्या काही वर्षांत वाढली आहेत. चित्रकलेच्या जागी कधी गिटार असते, कधी जर्मन, कधी कोडिंग, कधी गोधडी. वय विशीपासून सत्तरीपर्यंत कुठलंही. शिकायला सगळं मिळतंय, तेही फुकट किंवा थोडक्या पैशांत, वेळही आहे, मग हातून काही होत का नाही? या प्रश्नाचं उत्तरही ही माणसं घरूनच घेऊन आलेली असतात: मी आळशी आहे, माझ्यात चिकाटी नाही, आता वय झालं.

या उत्तरावर माझा फारसा विश्वास नाही. का नाही, ते दिलीपरावांच्या गोष्टीतून सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायची परवानगी त्यांनी दिली, फक्त "टूलरूमबद्दल चुकीचं लिहू नका" एवढी अट घातली.

भेटीची वेळ घेतली ती त्यांच्या पत्नीने, सुनीताताईंनी. फोनवर म्हणाल्या, "यांना मोबाइलचं व्यसन लागलंय. तुम्ही सांगा, माझं ऐकत नाहीत." दोघं निगडी प्राधिकरणात राहतात. मुलगी बंगळुरूला. सुनीताताई एका सहकारी बँकेत नोकरी करतात, त्यांच्या निवृत्तीला तेव्हा अजून अवकाश होता. दिलीपराव चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले. सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे धातू घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर, उभं आयुष्य गेलं. डायचे, म्हणजे साच्यांचे, भाग मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) हिशेबात घासायचे. बोलायला सुरुवात केली ती पत्नीनेच: सकाळी हे फिरून येतात, मग खुर्ची, फोन आणि कानात इअरफोन. सुनीताताई संध्याकाळी बँकेतून येतात तेव्हा चित्र तेच, फक्त चार्जर लावलेला.

नोकरी सुटल्यावर फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाबाबत मी आधी एक गोष्ट तपासते. त्यामागे कधी कधी नैराश्य असतं, आणि ते छंदाच्या गप्पांनी जात नाही. झोप उडणं किंवा दिवसभर पडून राहावंसं वाटणं, जेवणावरची वासना जाणं, पूर्वी आवडायचं त्यातली गोडी संपणं, जगण्याचाच कंटाळा येणं, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. (घरात कुणाबद्दल अशी शंका असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं.) दिलीपरावांच्या बाबतीत तसं काही दिसलं नाही. झोप ठीक, भूक ठीक, फिरायला जाण्यात खंड नाही, आणि भाजी निवडण्यापासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळं घर तेच बघत होते.

व्यसन म्हणावं तर तेही पटेना. मी विचारलं, "फोन खाली ठेवल्यावर काय वाटतं?"

"थोडं वाईट वाटतं," ते म्हणाले. "म्हणजे, एवढं बघितलं आणि केलं काहीच नाही, असं."

मग त्यांनी फोन पुढे केला. जलरंगाचे व्हिडिओ विषयवार लावून ठेवलेले: आकाश, पाणी, झाडं, जुन्या इमारती, माणसं. टूलरूमच्या माणसाची शिस्त. शिवाय दोन ऑनलाइन कोर्स, पैसे भरलेले. अप्पा बळवंत चौकातून आणलेले ब्रश, ट्यूबचे रंग आणि 300 जीएसएमच्या चांगल्या, जाड कागदाचं पॅड. पॅडचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"कागद महाग आहे," ते म्हणाले. "थोडं जमायला लागलं की त्यावर काढीन."

ऑनलाइन कोर्सच्या बाबतीत त्यांना एक दिलासा देता आला. हार्वर्ड आणि एमआयटीने जगासाठी खुल्या केलेल्या अभ्यासक्रमांच्या 2012 ते 2018 या काळातल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या आणि 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडल्या. नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी अभ्यासक्रम उघडूनही पाहिला नव्हता. पूर्ण करणारे तर मूठभर. ज्या गोष्टीत इतके लोक अडकतात, तिचं कारण एकेकाच्या स्वभावातली खोट असेल असं मला वाटत नाही. दिलीपराव हसले. सुनीताताई हसल्या नाहीत. त्यांचा मुद्दा वेगळा होता, त्याकडे नंतर येते.

पुढच्या भेटीला ते एकटे आले. मी चित्रकला बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुम्ही काम कसं शिकलात?"

माणूस खुलला. आयटीआयमधल्या पहिल्या महिन्यांत त्यांना यंत्राला हातही लावू दिला नव्हता. व्हाइसमध्ये (लोखंडी पकडीत) लोखंडाचा तुकडा धरायचा आणि कानस मारायची. चौकोनी तुकडा, सगळ्या बाजू सपाट, सगळे कोन काटकोन. कानस मारून झाली की गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा आणि उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड आला की परत कानस. एक बाजू सपाट करेपर्यंत दुसरी गेलेली असायची. तुकडा लहान लहान होत जायचा आणि शेवटी मास्तर तो भंगाराच्या पेटीत टाकून नवा द्यायचे. "ती पेटी भरलेली असायची, मॅडम. वर्गातल्या सगळ्यांचे तुकडे. माझ्यापेक्षा वाईट कानस मारणारे निम्मे होते. एकाचा तर तुकडा नुसता शंकरपाळा झाला होता, त्याला आम्ही वर्षभर त्याच नावाने हाक मारायचो."

"मास्तर रागवायचे?"

"रागवायचे की. पण मनगट धरून दाखवायचेही. कोपर कुठे ठेवायचा, वजन कुठल्या पायावर टाकायचं. ते पुस्तकात नव्हतं."

मी विचारलं, "आणि आता जलरंगात तुमच्यापेक्षा वाईट काढणारं कोण दिसतं?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोणीच नाही. तिथे सगळ्यांचं चांगलंच असतं."

माझ्या मते दुखणं इथे होतं. ज्या माणसाने धातूचं काम भंगाराच्या पेटीशेजारी उभं राहून शिकलं, तो आता कला अशा ठिकाणी शिकत होता जिथे कुणाचंच बिघडलेलं दिसत नाही. व्हिडिओतला चित्रकार चुकतो तेव्हा तो भाग कापला जातो. आपलं पहिलं चित्र आणि त्याचं शेकडावं चित्र शेजारी ठेवलं की निकाल ठरलेलाच. भर म्हणजे हा माणूस आयुष्यभर रिजेक्शन, म्हणजे माल नापास होणं, टाळण्याचा पगार घेत आलेला. कामात मायक्रॉनची चूक पकडणारी नजर निवृत्त होत नाही, ती कोऱ्या कागदाकडे वळते. पॅडचं प्लास्टिक निघत नव्हतं ते त्यामुळे.

नुसतं बघत राहण्याचा आणखी एक परिणाम होतो. शिकागो विद्यापीठातले मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी 2018 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. डार्ट फेकणं, मूनवॉक अशा कौशल्यांचा छोटा व्हिडिओ काही जणांना एकदा दाखवला आणि काहींना 20 वेळा. जास्त वेळा पाहिलेल्यांना वाटायला लागलं की आता हे आपल्याला जमेल. प्रत्यक्षात करायला लावलं तेव्हा त्यांचं इतरांपेक्षा काही बरं झालं नाही. दुसऱ्या एका प्रयोगात जगलिंगचा व्हिडिओ पाहिलेल्यांच्या हातात ती साधनं नुसती धरायला दिली, आणि तेवढ्यानेही फाजील खात्री उतरली. वजन हाताला कळलं. म्हणजे व्हिडिओ बघून अपेक्षा वाढते, हात तिथेच राहतो, आणि ज्या दिवशी ब्रश उचलतो त्या दिवशी दोन्हींमधलं अंतर अंगावर येतं. मग माणूस म्हणतो, अजून थोडं बघतो.

मी त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी येताना बिघडलेले कागद घेऊन या. चांगला एकही नको. चांगल्या कागदावरच काढायचं, साध्या ड्रॉइंग पेपरवर नाही. हे तंत्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे: पातळ कागद पाण्याने फुगतो, वॉश (पातळ रंगाचा थर) डबक्यासारखा साचतो, आणि नवशिक्या समजतो की आपल्यालाच येत नाही.

पुढच्या वेळी ते रिकाम्या हाताने आले.

कारण सांगायला लाजत होते. एक झाड काढलं होतं. सुनीताताई मागून जाता जाता म्हणाल्या, "हा फ्लॉवर आहे का?" तेवढंच. त्यांच्या मनात काही नव्हतं, स्वयंपाकघरात फ्लॉवरच चिरायचा होता. पण कागद गादीखाली गेला. त्याच्या आधी एक चित्र त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं. अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेले आले, कुणी तरी 'सुप्रभात' म्हणालं. चित्रात काय आहे याबद्दल एक शब्द नाही. आणि मुलीने प्रेमानेच एक चित्र पाठवलं होतं, एआयने काही सेकंदांत केलेलं: जलरंगातली मंडई, पावसाळी आभाळ, ओल्या रस्त्यावर दिव्यांची प्रतिबिंबं. 'बाबा, बघा किती भारी!' त्यानंतर पॅड पुन्हा कपाटात.

"जे यंत्र चुटकीसरशी करतं, ते मी वर्षभर घासून कशाला शिकू?"

हा प्रश्न आता दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, विशेषतः लिहिणारी, गाणी बांधणारी तरुण मुलं. त्यातल्या ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांची भीती खरी आहे आणि तिला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. दिलीपरावांचं पोट पेन्शनवर होतं. त्यांना मी एवढंच विचारलं, "तुम्हाला मंडईचं चित्र हवं होतं, की मंडई काढायची होती?" ते म्हणाले, "काढायची होती." मग एआयचा विषय आम्ही फार ताणला नाही. मुलीला मात्र त्यांनी फोन करून सांगावं असं सुचवलं, की तू पाठव, पण मी काढलेलंही माग. तिला बापाच्या नव्या नादात सामील व्हायचं होतं आणि तिच्या हाताशी तेच एक ॲप होतं.

सुनीताताईंशी स्वतंत्र बोलले. त्यांना चित्रांचा काही राग नव्हता. दिवसभर काउंटरवर लोकांची तोंडं बघून घरी यायचं आणि घरच्या माणसाच्या कानात इअरफोन. "पूर्वी हे शिफ्टवरून आले की कारखान्यातलं सांगायचे. कोण कुणाला काय म्हणालं. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं. आता यांच्याकडे सांगायला काही नसतं." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. दिवसभर व्हिडिओ पाहिलेल्या माणसाकडे संध्याकाळी सांगण्यासारखं खरोखरच काही उरत नाही. पाहिलेलं सगळं दुसऱ्याचं असतं. त्यांनी एकदा नवऱ्याला ज्येष्ठ नागरिक संघात पाठवलं होतं, तिथल्या गप्पा आणि सहलींना. दिलीपराव दोन-चारदा गेले आणि कंटाळले.

त्या कंटाळ्याला मी नावं ठेवणार नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी 60 ते 90 वयाच्या 221 जणांवर एक अभ्यास केला होता, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे 15 तास, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम किंवा दोन्ही शिकवलं. एका गटाला तेवढाच वेळ गप्पा, सहली, करमणूक दिली. नवं अवघड कौशल्य शिकलेल्यांची स्मरणशक्ती सुधारली, नुसत्या गप्पांच्या गटाला तसा फायदा दिसला नाही. आपल्याकडे 'चार माणसांत जा' हा सल्ला फार स्वस्तात दिला जातो. चार माणसांत जाऊन करायचं काय, हेही ठरवावं लागतं.

म्हणून मी दिलीपरावांना आणखी एक प्रश्न विचारला. कारखान्यात जॉब, म्हणजे हातातला भाग, बिघडला की आधी कुणाला दाखवायचात?

"पाटलाला," क्षणाचाही विचार न करता. पाटील इन्स्पेक्शनमध्ये होते. "तो तोंडावर बोलायचा, पण वर सांगायचा नाही."

पाटील आता कऱ्हाडकडे गावी असतात. साधा, बटणांचा फोन. त्यांना चित्र दाखवायचं तर व्हॉट्सॲपचा मार्ग बंद. पुढची कल्पना दिलीपरावांची, माझी नाही. त्यांनी 300 जीएसएमचा कागद पोस्टकार्डाच्या मापाचा कापला (अर्थातच व्हर्नियर हे बारीक मापाचं साधन लावून), त्यावर घराच्या गॅलरीतून दिसणारी समोरची इमारत रंगवली, आणि पाकिटात घालून पोस्टात टाकली. मोठा कागद पाहून जी भीती वाटायची ती तळहाताएवढ्या तुकड्याची वाटली नाही. आणि बघणार होता तो एकटा पाटील.

उत्तर 50 पैशांच्या पोस्टकार्डावर आलं. दिलीपरावांनी ते मला वाचून दाखवलं: "खिडक्या एका लाइनीत नाहीत. डावीकडची टाकी हवेत आहे, सपोर्ट दे. रीवर्क करून पाठव. आभाळ पास. इकडे पाऊस बरा आहे."

मी इतक्या वर्षांत इतका उपयोगी अभिप्राय क्वचित ऐकला आहे. शंभर अंगठ्यांत आणि या चार ओळींत फरक असा की पाटलांनी चित्र बघितलं होतं. खिडक्या मोजल्या होत्या. आणि ते पुढच्या चित्राची वाट बघत होते. दिलीपरावांनी टाकीला सपोर्ट दिला. त्यानंतर पाकिटं जायला लागली, कार्डं यायला लागली, आणि ज्याचं प्लास्टिक वर्षभर निघालं नव्हतं त्या पॅडची पानं संपत आली.

आता इंटरनेटबद्दल. मी त्याच्या विरोधात आहे असं वाटू नये म्हणून एक जुनी हकिकत सांगते. 2004 मध्ये सलमान खान नावाचा (आपला नव्हे) एक तरुण बोस्टनमधून न्यू ऑर्लिन्सला राहणाऱ्या आपल्या नादिया या नात्यातल्या बहिणीला फोन आणि इंटरनेटवरून गणित शिकवत होता. हळूहळू इतर भावंडंही आली, सगळ्यांच्या वेळा जुळेनात, म्हणून 2006 मध्ये त्याने धडे यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. त्यातून खान अकॅडमी ही इंटरनेटवर मोफत शिकवणारी संस्था उभी राहिली. त्याची भावंडं त्याला म्हणाली होती की प्रत्यक्षापेक्षा तू यूट्यूबवर बरा. कारण तिथे थांबवता येतं, पुन्हा ऐकता येतं, आणि 'अजून कळलं नाही' हे कुणाला सांगावं लागत नाही. लाजाळू विद्यार्थ्याला यासारखी सोय नाही. पण या गोष्टीत एक तपशील आहे जो विसरायला नको: त्या मुलांचा विचारपूस करणारा दादा आधीपासून होता. व्हिडिओ नंतर आला.

दिलीपरावांच्या बाबतीत आम्ही क्रम तेवढा उलटवला. आधी काढायचं. जिथे अडेल तिथे, त्या एका अडचणीपुरता व्हिडिओ शोधायचा, बघून फोन खाली ठेवायचा आणि लगेच त्याच कागदाच्या मागच्या बाजूला करून बघायचं. 'आकाश' या यादीतले सगळे व्हिडिओ बघण्याची गरज संपली. पाटलांनी विचारलेल्या टाकीखालच्या सावलीला एक व्हिडिओ पुरला. सुनीताताईंच्या हिशेबाने फोनचा वेळ घटला, पण तो कमी करा असं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग मंडई. 'अर्बन स्केचर्स' ही चळवळ सिअॅटलमधले वृत्तपत्रीय चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी 2007 मध्ये एका ऑनलाइन गटापासून सुरू केली. नियम सोपा: समोर जे दिसतं ते, त्या जागी बसून, तिथेच काढायचं. इंटरनेटवर जन्मलेली ही गोष्ट जगभरातल्या लोकांना रस्त्यावर घेऊन आली. पुण्यातही रविवारी सकाळी जुन्या वाड्यांपाशी, घाटावर, पेठांमध्ये वह्या घेऊन बसलेली माणसं दिसतात. असाच एक गट मंडईत जमणार असल्याचं दिलीपरावांना फोनवरच कळलं. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जाणारी मेट्रो 2024 पासून थेट मंडईखालून जाते, त्यामुळे 'लांब आहे' हे कारणही उरलं नव्हतं.

पहिल्या रविवारी ते गेले, लांबून सगळ्यांच्या वह्या बघितल्या, कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेतल्या आणि पिशवी न उघडता घरी आले. मला सांगताना अपराधी वाटत होतं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. भाव तरी विचारून आले.

पुढच्या वेळी ते बसले. मंडई काढायला अवघड आहे. 1886 ची दगडी इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, त्याला फुटलेल्या बाजू, उतरती कौलं, आणि खाली हलत राहणारी माणसं. (जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता आणि पुढे याच इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. ही माहितीही दिलीपरावांना तिथेच, शेजारी बसलेल्या एका कॉलेजच्या मुलाकडून मिळाली.) शेवटी सगळ्यांनी वह्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या. असं करायची या गटांत पद्धत असते. आणि दिलीपरावांना बऱ्याच वर्षांनी भंगाराची पेटी दिसली. कुणाचा मनोरा सहा बाजूंचा, कुणाचा सात, एकीचा तर चक्क गोल. "मॅडम, आर्किटेक्ट आहे ती! आणि हसत होती." त्यांचा स्वतःचा अष्टकोन बरोबर होता, रंग मात्र चिखल.

रंगाचं कारण एका बाईंनी सांगितलं. एप्रिलची सकाळ उन्हात गेली होती. पुण्याच्या कोरड्या हवेत वॉश बघता बघता सुकतो. थंड, दमट हवेतल्या चित्रकाराचा व्हिडिओ पाहून कडा मऊ करायला तेवढा वेळ घेतला, तर इथे ब्रश जाईपर्यंत कागद सुकलेला असतो, आणि सुकत आलेल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला की चिखल होतो. "उन्हाळ्यात आठच्या आत या, सावलीत बसा, कागद मागूनही ओला करा," असं त्या म्हणाल्या. हे कुठल्याही व्हिडिओत दिलीपरावांना सापडलं नव्हतं, कारण व्हिडिओ करणारा पुण्यात राहत नव्हता. हातातल्या बहुतेक कलांचं असंच आहे. पीठ किती सैल, माती किती ओली, कानस किती दाबायची, हे शेजारी उभं असलेलं माणूस सांगू शकतं.

सगळ्यांना पाटील मिळत नाही, हे मला मान्य आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचा जर्मनच्या ॲपवर कित्येक महिन्यांचा अखंड हिशेब होता आणि तोंडातून एक वाक्य निघत नव्हतं. तिला मी रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचा रस्ता दाखवला. तिथल्या वर्गात तिला तिच्याइतकीच अडखळणारी एक मैत्रीण मिळाली. दोघी रोज एकमेकींना चुकीच्या जर्मनमध्ये आवाजी निरोप पाठवतात. ॲपही चालूच आहे. एका गृहस्थांना मोडी शिकायची होती, त्यांना घरातलीच वही सापडली, पणजोबांच्या हिशेबाची, आणि ती वाचून दाखवायला आत्या सापडली. तिला मोडी येत नाही, पण नावं सगळी ओळखते. माणूस तज्ज्ञ असायला हवा असं नाही. त्याने बघायला हवं, खरं बोलायला हवं आणि पुढचं कधी दाखवणार ते विचारायला हवं. कौतुकच करणारे जवळचे लोक या कामाला सहसा चालत नाहीत. सारखे चुका काढणारे तर मुळीच नाहीत.

दिलीपरावांशी भेटी काही महिन्यांनी थांबल्या. चित्रं कशी आहेत? ठीक आहेत. माणसं अजून जमत नाहीत, सगळी खांबासारखी उभी असतात, आणि पाटलांनी तसं लेखी कळवलेलं आहे. संध्याकाळी घरात आता मंडईतलं सांगितलं जातं: कोण आर्किटेक्ट, कोण कॉलेजचा मुलगा, पेरूवाल्याने चित्रात स्वतःला ओळखलं का नाही. सुनीताताईंची एक नवी तक्रार आली आहे, ब्रश धुतलेल्या पाण्याचे पेले बेसिनमध्ये पडलेले असतात. ती त्यांनी मला फोनवर सांगितली आणि मग विचारलं, "माझ्यासाठी एक वेळ मिळेल का? एकटीसाठी. माझी निवृत्ती आता जवळ आलीय, आणि मला तर काढायला कधी काही आवडलेलंच नाही."

पुढच्या गुरुवारची वेळ दिली आहे.